एकावन्न सालची मतं

प्रूफाच्या एकशे बाराव्या पानावर, डावीकडच्या समासात, पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. शेजारी बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'सर, कृपया तपासावे. १९५१ मध्ये मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मते होती ना?' वेणीमाधव गायधनींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. प्रश्न तिथेच होता. एकशे अकरा पानांत प्रूफं तपासणाऱ्या पोरीने स्वल्पविराम उचलले होते, ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते, एका ठिकाणी सुएझचा महिना चुकला होता तो नीट केला होता. तेवढ्याने त्यांना बरंच वाटलं होतं. ही पेन्सिल मात्र छातीत कुठेतरी टोचली. चहावर साय धरली. खाली गंगापूर रोडवर शाळेच्या बसगाड्या एकामागून एक भोंगे वाजवत होत्या, आणि पंच्याहत्तर वर्षांचा हा माणूस एका प्रश्नचिन्हाकडे, चोरी पकडलेल्या मुलाने गुरुजींकडे बघावं तसा बघत बसला.

प्रूफं दुपारी बाराला छापखान्यात जायची होती. पुढच्या रविवारी अमृतमहोत्सवाचा समारंभ, त्यात पुस्तकाचं प्रकाशन. 'युद्धोत्तर ब्रिटन : राजकीय इतिहास' असं भारदस्त नाव माजी विद्यार्थ्यांनी दिलं होतं, पण आत काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत गायधनी सरांच्या नोट्स होत्या. चौतीस वर्षं सर वर्गात उभे राहून त्या सांगत आले आणि मुलं माना खाली घालून उतरून घेत आली. सांगण्याची त्यांची एक लय होती. अर्धं वाक्य, मग थांबायचं, शेवटच्या बाकावरची लेखणी थांबली की उरलेलं अर्धं. 'पूर्णविराम' हा शब्दसुद्धा ते उच्चारायचे. कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्यांनी त्या वह्यांच्या प्रती काढून काढून यंत्रं झिजवली. दिंडोरीपासून मनमाडपर्यंतच्या पोरांनी क्लेमंट ॲटलीचं सरकार, मोफत दवाखाने, कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण, सुएझची नाचक्की, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात लिव्हरपूलला पुरायची राहिलेली प्रेतं, हे सगळं गायधनी सरांच्या वाक्यांत पाठ केलं आणि परीक्षेत जसंच्या तसं उतरवलं. सरांनी स्वतः इंग्लंड कधी पाहिलं नव्हतं. पासपोर्टच काढला नव्हता. तरी यॉर्कशरच्या कुठल्या मतदारसंघात कोण किती मतांनी पडला हे ते झोपेत सांगू शकले असते, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्यातलंच हे वाक्य : 'एकावन्नच्या निवडणुकीत ब्रिटिश जनतेने मजूर पक्षाकडे पाठ फिरवली व हुजूर पक्षाला अधिक मते देऊन पुन्हा सत्तेवर बसवले.' ते त्यांचं नव्हतंच मुळी. त्यांना ते त्यांच्या पुण्याच्या गुरुजींनी सांगितलं होतं, असंच, अर्ध्या अर्ध्या तुकड्यांत. गुरुजींना कुणी सांगितलं होतं देव जाणे. गुरूने दिलेली वही तपासून बघायची असते हे त्यांच्या पिढीत कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. घरात चार पिढ्या यजमानांच्या वंशावळीच्या चोपड्या सांभाळणारी माणसं. जुन्या चोपडीतून नव्या चोपडीत उतरवताना अक्षर बदलायचं नाही ही शिस्त त्यांनी दूध पिता पिता उचलली होती. चोपडीत आहे म्हणजे आहे. वडील रामकुंडावर बसून तेच करायचे, मुलगा कॉलेजात उभा राहून तेच करत राहिला.

"चहा पार गार झाला की," श्यामलाबाई बाहेरून आल्या त्या फुलांची पुडी घेऊनच. "आज शेवंती किती टवटवीत दिलीय बघा. तुमच्या छायाने. म्हणाली, सरांचा सत्कार आहे ना, त्या दिवशीचा हार मी करून देणार, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

"तू कशाला सांगितलंस तिला?"

"अहो, मी कुठे? तिनेच पेपरात वाचलं. आणि सांगितलं असतं तर काय बिघडलं? तुमची विद्यार्थिनी ती. दर वेळी विचारते, सर कसे आहेत, सर कसे आहेत." श्यामलाबाईंनी पुडी सोडून फुलं ताम्हणात ओतली. "तुम्ही मात्र बारा वर्षांत एकदा तिच्या दुकानाशी थांबला नाहीत. मान वर करून पुढे निघून जाता. दिसतं हो ते माणसाला."

बारा वर्षं या घरातल्या देवांना छायाच्या हातची फुलं वाहिली जात होती आणि बारा वर्षं ते पूजा आटोपून लगबगीने उठत होते. श्यामलाबाईंना वाटायचं, गुडघे दुखतात.

छाया भिमाजी तिडके. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची बॅच, एम. ए. भाग दोन. मखमलाबादहून सायकलवर यायची. बापाची फुलशेती, पहाटे बाजारात पाट्या उतरवून मग वर्गात, त्यामुळे बोटं हिरवट आणि अंगाला झेंडूचा तो उग्र, ओलसर वास. पहिल्या बाकावरच्या मुली जरा सरकून बसायच्या. सरांनी ते पाहिलं होतं आणि कधी काही म्हटलं नव्हतं. ती नोट्स उतरवून घ्यायची, पण मध्येच तिची लेखणी थांबायची आणि ती वर बघायची. त्या बघण्याने सरांची लय तुटायची. एकदा तिने हात वर केला होता. "सर, लोकांना दवाखाना फुकट दिला, घरं दिली, मग सहा वर्षांत लोक पाठ का फिरवतील?" सर हसले होते. म्हणाले होते, "बाई, लोक कृतघ्न असतात. लिहा पुढे." वर्ग हसला. ती हसली नाही, आणि लिहिलंही नाही. संध्याकाळी वाचनालयात ती निवडणुकांच्या आकड्यांची जुनी इंग्रजी वार्षिकं उघडून, शब्दकोश शेजारी ठेवून बसलेली असते असं शिपायाने त्यांना सांगितलं होतं. कौतुकाने सांगितलं होतं. सरांना कौतुक वाटलं नाही. खरं सांगायचं तर राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी जो शब्द होता तो त्यांनी कुणाजवळ उच्चारला नसता : फुलवाल्याची पोर. आज, इतक्या वर्षांनी, बाल्कनीत एकटं बसूनही तो शब्द मनात आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

मे महिन्यात पेपर तपासणी. लांबलचक हॉल, वर पंखे गरगरत असलेले, एकोणीस परीक्षक, आणि ते प्रमुख परीक्षक. आदर्श उत्तरं त्यांनीच लिहून दिलेली होती. प्रश्न चौथा, वीस गुण : 'एकावन्न साली मजूर पक्षाच्या पराभवाची कारणे सांगा.' गठ्ठ्यात तिचा पेपर आला तेव्हा नंबर झाकलेला होता, पण अक्षर कसं झाकणार? उभं, ठसठशीत, प्रत्येक ओळीवर दाब दिलेलं. तिने लिहिलं होतं की हा प्रश्नच नीट विचारलेला नाही. जनतेने पाठ फिरवली नव्हती. मजूर पक्षाला एक कोटी एकोणचाळीस लाखांवर मतं पडली, हुजुरांना मित्रपक्षांसकट एक कोटी सदतीस लाख. पण मजुरांची मतं खाणींच्या आणि कारखान्यांच्या भागात साचून राहिली. तिथे त्यांचे उमेदवार डोंगराएवढ्या मताधिक्याने आले आणि बाकी ठिकाणी थोडक्यात पडले. पुढे तिने स्वतःचं उदाहरण दिलं होतं : 'कारखान्यांचं सगळं सातपूर जरी एका बाजूला पडलं तरी आमदार एकच निवडून येतो.' चार पानं. सरांचे कान तापले. त्यांनी लाल पेनने शेवटच्या पानावर आडवी रेघ ओढली, 'विषयांतर' असं लिहिलं आणि पाच गुण दिले. एकूण बेरीज सदतीस झाली. पास व्हायला चाळीस लागत.

इथपर्यंत ती चूक होती. माणसं चुकतात. या वाक्यावर ते कितीतरी वेळा येऊन थांबले होते आणि दर वेळी पुढचं आठवू नये म्हणून उठून काहीतरी करायला लागले होते. कपाट आवर, झाडांना पाणी घाल. आज प्रूफं मांडीवर होती, उठता येईना. त्याच संध्याकाळी ते वाचनालयात गेले होते. ते वार्षिक त्यांनी मागवलं नाही, स्वतः फळीवरून काढलं. पानात खूण म्हणून शेवंतीची एक वाळकी पाकळी होती. आकडे छापलेले होते. तेच. एक कोटी एकोणचाळीस. त्यांनी ते दोनदा वाचले, पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि घरी येऊन आमटीभात जेवले. गुणपत्रकं विद्यापीठाकडे जायला अजून दोन दिवस होते. दोन अख्खे दिवस ते त्या हॉलमध्ये त्या गठ्ठ्यापासून दहा पावलांवर बसून होते. उठून 'आदर्श उत्तर चुकलंय' एवढं म्हणायचं, की एकोणीस माणसांनी वर बघितलं असतं. सगळ्यांचे चौथे प्रश्न पुन्हा तपासावे लागले असते. आणि कुणीतरी विचारलं असतं, हे दाखवलं कुणी? त्यांनी काही केलं नाही. त्यानंतर सोळा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दर वर्षी जुलैच्या शेवटी ते हेच वाक्य त्याच लयीत सांगत राहिले, कारण बदललं असतं तर ते चूक होतं हे आपल्याला ठाऊक होतं अशी कबुली दिल्यासारखं झालं असतं.

निकालानंतर ती घरी आली होती. दारात उभी, चपला काढून. वणीजवळच्या एका नव्या कॉलेजात जागा निघणार होती, बाप म्हणाला होता पास झालीस तर नोकरी कर, नाहीतर आलेलं स्थळ धरू. हे सगळं ती एका दमात बोलली. मग म्हणाली, "सर, माझं नेमकं काय चुकलं? मला सांगा, म्हणजे ऑक्टोबरला पुन्हा बसते." तो क्षण त्यांच्या हातात होता. देवघरात वडील जप करत होते, त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. सर म्हणाले होते, "तू फार डोकं चालवतेस. नोट्स वाच नीट." तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं, तसंच, वर्गात बघायची तसं. "हो सर," म्हणाली, वाकून पाया पडली आणि गेली. ऑक्टोबरला ती बसली नाही. स्थळ वणीचंच निघालं. जिथे शिकवायला जायचं होतं त्याच गावात ती टोमॅटोच्या क्रेट भरायला गेली. पुढे नवरा गेला, ती पोराला घेऊन माहेरी आली आणि फुलबाजाराच्या तोंडाशी बसायला लागली. जास्त मतं मिळूनही हरलेली. हे वाक्य मनात आपोआप जुळून आलं तेव्हा सरांना स्वतःची किळस आली. इथेसुद्धा आपल्याला नोट्सच सुचतात.

फोन वाजला. प्रूफं तपासणारी दिशा होती. "सर, एकशे बारा पाहिलंत का? मी दोन ठिकाणी बघितलं, म्हणून विचारलं. राग नका मानू हां. फक्त वाक्य बदलू का? कुणाला कळणारही नाही."

"थांबा जरा," ते म्हणाले. "मी अर्ध्या तासात सांगतो." आणि त्यांनी सदरा चढवला.

श्यामलाबाई विचारत राहिल्या, "अहो, या उन्हात कुठे?" पण ते जिना उतरले होते. रिक्षात बसल्यावर त्यांना बरं वाटलं. निघालो म्हणजे सांगणारच असं वाटलं. काय सांगायचं तेही ठरलं होतं. छाया, तुझं बरोबर होतं. आणि मला ते तेव्हाच, गुण जायच्या आधी, कळलं होतं. दोन वाक्यं. पहिलं सोपं होतं. ते पहिलं वाक्य ते ओठांत घोळवत राहिले आणि दुसऱ्यापाशी आले की रिक्षा खड्ड्यात आदळायची, नाहीतर सिग्नल लागायचा. सुएझच्या नाचक्कीनंतर, छप्पन्न सालच्या डिसेंबरात, ब्रिटनचा पंतप्रधान भर सभागृहात उठून म्हणाला होता की इस्राएलच्या इजिप्तवरच्या हल्ल्याची आम्हाला आधी कल्पना नव्हती. होती. गुप्त कराराच्या कागदावर सही केलेली होती. वर्गात हा भाग सांगताना सरांच्या आवाजाला धार चढायची. माणूस चुकला तर इतिहास सांभाळून घेतो, पण माहीत असून नाही म्हणाला तर घेत नाही, असं ते टेबलावर बोट आपटत म्हणायचे. मुलं तेही उतरून घ्यायची. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. खाली गोदावरीत लोक गाड्या धूत होते. मनाच्या एका कोपऱ्यात ते चक्क प्रार्थना करत होते की आज ती दुकानात नसावी.

ती होती. पाय दुमडून, मांडीवर ओलं फडकं, पुढ्यात शेवंती आणि गुलाबाचे ढीग. केस पांढरे झालेले, बोटं तशीच हिरवट. सर समोर उभे राहिले तरी आधी तिला खरंच वाटेना. मग ती धडपडत उठली, मांडीवरची फुलं सांडली. "सर! तुम्ही? अगोबाई. बसा, बसा इथं." तिने स्टूल पुसून पुढे केलं. "कवाचं वाटत होतं एकदा यावं तुम्ही. हाराचं सांगायला आले का? निशिगंध घालू ना?"

"छाया," ते बसले नाहीत. "ते... एम. ए.चा पेपर. एकावन्नची निवडणूक. आठवते?"

तिचा हात थांबला. बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी पाव किलो झेंडू मागत होतं, तिने त्याला हातानेच थांब म्हटलं. "न आठवायला काय झालं," ती सावकाश म्हणाली. "त्याच्यापायी तर सगळं..." आणि तिने वाक्य सोडून दिलं.

"तुझं बरोबर होतं. आकडे बरोबर होते. मीच चुकलो होतो. नोट्सच चुकल्या होत्या."

हे त्यांनी म्हटलं. खरंच म्हटलं. पहिलं वाक्य बाहेर पडलं आणि अंग हलकं झालं. छाया स्टुलावर स्वतःच बसली. बराच वेळ ती सुईतल्या दोऱ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, रागही नव्हता. एखादं ओझं डोक्यावरून उतरवल्यावर मान जशी क्षणभर वाकडीच राहते तसं काहीतरी होतं.

"तुम्हाला कधी कळलं, सर?"

तिने मान वर केली होती. तेच बघणं. एकतीस वर्षांपूर्वी दारात होतं ते. सरांनी तोंड उघडलं. दुसरं वाक्य जिभेवर होतं, शब्दन् शब्द.

"आज," ते म्हणाले. "आज सकाळी. प्रूफं वाचताना."

छायाने एवढा मोठा श्वास सोडला की तिच्या खांद्यांवरून पदर घसरला. "मग ठीक हे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसत होती. "तेवढंच होतं सर माझ्या मनात. बाकी गेलं ते गेलं. पन मी रातंदिन हेच म्हणायची, का सरांना माहिती असून तर नसंल? दारात आले होते ना मी, तेव्हा तुम्ही असं बाजूला बघितलं. मला वाटलं, यांना माहिती हे. लय वर्षं वाटलं तसं. दादांना, आमच्या वडलांना, बोलले एकदा, तर ते म्हणले, गप, गायधनी सर असं करनार नाय. बघा, दादांचंच खरं निघालं. ते पाहायला राहिले नाय." तिने पदराने डोळे पुसले. "तुम्ही एवढ्या उन्हात सांगायला आले. कोन येतं?"

तिने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांना पाय मागे घ्यायचे होते. आता सांगता आलं असतं. पण आता सांगणं म्हणजे तिच्या हातून काय हिसकावून घेणं होतं ते समोर दिसत होतं. आणि हीच सबब आपल्याला किती सोयीची आहे हेही त्यांना त्याच क्षणी दिसलं. दोन्ही खरं होतं. खिशात फोन थरथरला. दिशाचा. त्यांनी तो कानाला लावला.

"सर, बारा वाजत आले. एकशे बाराचं काय करू? नुसतं बदलू?"

"पुस्तकाचा फोन का?" छायाने विचारलं. त्यांनी सांगितलं. सांगायला नको होतं. तिचा चेहरा एकदम उजळला, वर्गातल्यासारखा. "नुसतं बदलू नका ना सर. खाली लिहा. आधी चुकलं होतं, आता लक्षात आलं, असं. माझं नाव नको. समर्थला दाखवीन मी. त्याला वाटतं आई नापास झाली म्हंजे ढ होती."

ती बघत होती. तिकडे दिशा पेन घेऊन थांबली होती. सरांनी भिंतीला हात टेकवला आणि सांगायला लागले, अर्धं वाक्य, मग थांबून उरलेलं अर्धं : "तळटीप. या निवडणुकीत मजूर पक्षालाच... अधिक मते मिळाली होती, पूर्णविराम. आधीच्या नोट्समधील ही चूक... प्रस्तुत लेखकाच्या लक्षात..."

"हं सर, लक्षात?" दिशा म्हणाली.

"लक्षात प्रथमच आली ती..."

छाया हातातली सुई खाली ठेवून, ओठ किंचित हलवत, त्यांच्यामागून शब्द म्हणत होती.

"तारीख काय घालू, सर?"

त्यांनी आजची तारीख सांगितली. दिवस, महिना, साल. पलीकडे दिशाने ती पुन्हा वाचून दाखवली आणि बरोबर आहे ना म्हणून विचारलं. ते हो म्हणाले.